उर्फची जागा

“आणि उर्फ?”

समोरच्यानं आपलं नाव सांगितलं, की आमच्या मॅडम चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायच्या, त्याच्यावरून बघायच्या आणि एवढंच विचारायच्या. पेशंटला विचारायच्या त्यात नवल नाही. पण त्या पेरूवाल्याला विचारायच्या, लाईट दुरुस्त करायला आलेल्या वायरमनला विचारायच्या, मशीन तपासायला पुण्याहून आलेल्या टायवाल्या साहेबालाही सोडायच्या नाहीत. साहेब आधी गडबडायचा. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणायचा, “घरी... पिंट्या म्हणतात.”

“हां,” मॅडम म्हणायच्या, “आता बोला पिंट्याशेठ, मशीनला काय झालंय?”

त्यानंतर तो माणूस मॅडमना खोटं सांगूच शकत नसे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल बघा, ज्याच्यापुढे आपलं कागदावरचं नाव फार वेळ टिकत नाही.

आमचं सेंटर श्रीरामपुरात, एसटी स्टँडवरून चालत येता येईल एवढ्यावर. एक्सरे, सोनोग्राफी आणि आता सीटी स्कॅन. पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव आहे. ते रिक्षावाल्याला सांगितलं तर तो तुम्हाला भलतीकडेच नेईल. “फोटोवाल्या बाई” म्हणा, दारात आणून सोडेल. इकडे एक्सरेला सगळे फोटोच म्हणतात. त्यामुळे एखादी आजी खरोखर ठेवणीतलं लुगडं नेसून, कपाळाला मोठं कुंकू लावून यायची. आमचा टेक्निशियन, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो सांगायचा, “आजी, गळ्यातलं काढून ठेवा.”

“काढून ठिवू? मग फोटोत काय दिसनार रं, निसती मान?”

आतल्या खोलीतून मॅडमचा आवाज यायचा, “आजी, आम्ही आतला फोटो काढतो! डोरलं बाहेर राहू द्या, कोणी नेत नाही!”

मॅडम बुटक्या, अंगानं भरलेल्या, आणि पायात कायम खेळायचे बूट. साडीवर पांढरा कोट आणि खाली ते बूट. त्यांची आई इकडच्याच मिशन दवाखान्यात नर्स होती, असं त्या अभिमानानं सांगायच्या. रविवारी चर्चमधून थेट सेंटरला यायच्या, आणि त्या दिवशी फोटो बघताना गुणगुणायच्या. दादा म्हणायचा, रविवारचे रिपोर्ट चालीवर असतात.

मी गोंदियाकडची. आठवीत शाळा सुटली, ती सुटलीच. आमचे हे वेल्डर. इकडच्या साखर कारखान्यात काम मिळालं म्हणून आम्ही आलो. आमच्याकडे धानाचे बांध आणि तळी, इथं नजर जाईल तिकडं ऊस आणि मधून पाट. बोली मराठीच, पण वेगळी. कुणी “लई” म्हटलं की माझ्या डोक्यात ते पोचायला वेळ लागायचा, आणि मी “हो जी” म्हटलं की लोक हसायचे. त्यामुळे मी बोलायचंच कमी केलं होतं. झाडायपुसायचं काम मिळेल म्हणून मी मॅडमकडे गेले. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं.

“आणि उर्फ?”

इतक्या लांब, ओळख ना देख, माझ्या आईनं ठेवलेलं नाव कुणीतरी मागितलं. मी सांगितलं. ते इथं लिहीत नाही, ते तिथंच बरं आहे.

“वाचता येतं?”

“मराठी येते जी. इंग्रजी अक्षरं येतात, शब्द नाही लागत.”

“मराठीच हवंय. इथं फोटो काढायला काय इंग्लंडची राणी येतेय?” असं म्हणून त्यांनी मला झाडू नाही, काउंटरची खुर्ची दिली. तिथं जुना कंप्युटर होता, त्याच्यावर फक्त पावती निघायची. नाव, गाव लिहायचं, पेशंटला आवाज द्यायचा, आणि मागच्या खोलीतल्या रॅकमधून जुने फोटो काढून मॅडमपुढे ठेवायचे. मला त्या “ए गोंदिया” म्हणून हाक मारायच्या. जिल्ह्याच्या नावानं हाक मारलेलं कुणाला आवडतं? मला आवडायचं. दिवसातून इतक्या वेळा आपल्या गावाचं नाव ऐकायला मिळायचं.

उर्फ ही मॅडमची गंमत आहे, असं मला आधी वाटलं होतं. मग एके दिवशी नेवाशाकडची एक बाई आली, तिचा मोठा मुलगा घेऊन आला होता. आधारकार्डावर नाव लक्ष्मीबाई. छातीच्या फोटोत एक पांढरा डाग निघाला. मुलाचा चेहराच उतरला. मॅडमनी विचारलं, “आधी कधी फोटो काढला होता का?”

“न्हाई ओ मॅडम,” मुलगा म्हणाला.

“काढला व्हता की,” बाई म्हणाली. “ह्याच्या येळंला. म्हायेराला आले व्हते अन् खोकला लागला. बाळतीन झाल्यावर हितंच आनलं व्हतं आईनं.”

मी रॅक पालथे घातले. लक्ष्मीबाई सापडेनात. मॅडम बाहेर आल्या, बाईच्या शेजारी बाकावर बसल्या. “माहेरी काय म्हणायचे तुम्हाला?”

बाईनं मुलाकडे बघितलं, मग जमिनीकडे. “छबू.”

छबू सापडली. मॅडमनी दोन्ही फोटो उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले. जुन्यातही तोच डाग, त्याच जागी, तेवढाच. मॅडम मुलाला म्हणाल्या, “हा डाग तुझ्याएवढा आहे. आणि तुझ्यापेक्षा गुणी. जिथं बसवला तिथंच बसलाय, कुठं हिंडत नाही.” ती माऊली आधी हसली आणि मग पदरात तोंड घालून रडली.

ते गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “बघ गोंदिया. लग्न झालं की सासरचे बाईचं नाव बदलतात. पण फुप्फुसाला ते कोण कळवणार?”

तेव्हापासून मीही विचारायला लागले.

पण रॅक भरून वाहू लागले होते. पावसाळ्यात फिल्मा एकमेकींना चिकटायच्या. त्यात सीटीचं मशीन आलं. सीटीचे फोटो म्हणजे एकेका माणसाचे ढीगभर, माणूस भाकरीसारखा पातळ पातळ कापून बघितल्यासारखे. ते रॅकमध्ये मावणार कुठं? मॅडमचा भाचा तेव्हा मुंबईहून मोठं शिक्षण घेऊन आला होता आणि त्यांच्याबरोबर काम बघायला लागला होता. आम्ही त्याला धाकटे डॉक्टर म्हणायचो. तो म्हणाला, आता रेडिओलॉजीचं चांगलं सॉफ्टवेअर घ्यायला पाहिजे. सगळे फोटो कंप्युटरवर, जुना आणि नवा एका बोटावर शेजारी, गावाकडच्या डॉक्टरला मोबाईलवर रिपोर्ट, आणि वेळ पडली तर घरी बसूनही फोटो वाचता येतील.

“छान,” मॅडम म्हणाल्या, “स्थळं बोलाव.”

मी चहा घेऊन आत चालले होते. धाकट्या डॉक्टरांचं पुढचं बोलणं दारातच कानावर पडलं. “फक्त एक आहे मावशी. ही सॉफ्टवेअरं इंग्रजीत असतात. काउंटरला शिकलेलं माणूस लागेल. ताईंना आपण आत काहीतरी काम देऊ.”

ते वाईट मनानं बोलले नव्हते. ते तसे नाहीतच. आणि आतलं काम म्हणजे काय हे मला कळत होतं, त्याला मी हलकं समजत नाही, ते मागायलाच तर आले होते. पण माझी आई गावी शेजारणींना सांगायची, माझी पोरगी तिकडे दवाखान्यात कंप्युटरवर बसते. मी फोन केला की आधी विचारायची, “आज किती लोकांची नावं लिहिलीस गं?” तिला मी आता काय सांगणार होते? त्या दिवशी मी वरण दोनदा खारट केलं.

मॅडमचं उत्तर मात्र ऐकू आलं होतं. “बघू. पोहे करायला सांग.”

आणि खरंच, सॉफ्टवेअर दाखवायला येणाऱ्या प्रत्येकाला मॅडमनी पोहे द्यायचं ठरवलं. पण एक अट घातली. “तुमचा नमुन्याचा पेशंट नको. पेशंट आमचा, आणि कंप्युटरवर बसेल ही.” ही म्हणजे मी.

पहिला पोरगा आला. चकाचक लॅपटॉप, चकाचक केस. मॅडम आत गेल्या आणि सोनोग्राफीच्या खोलीतली चादर डोक्यावरून घेऊन, कंबरेत वाकून बाहेर आल्या. स्टुलावर बसल्या. दादानं तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलायला लागले होते.

“नाव काय जी आजी?” मी विचारलं.

“पारूबाई.”

स्क्रीनवर इंग्रजीतच लिहायचं होतं. मी ‘पी’ शोधला, ‘ए’ शोधला. पुढच्या खान्याला लाल चांदणी होती. पोरगा म्हणाला, “हे कंपल्सरी आहे. नवऱ्याचं नाव.”

“आजी, नवऱ्याचं नाव?”

“अगं बया!” मॅडमनी चादरीचा पदर तोंडावर घेतला. “त्यांचं नाव घ्यायचं? हितं? समद्यांम्होरं?”

पोरगा हसला. “घ्या ना मॅडम काहीतरी.”

“काहीतरी कसं घिऊ बाबा? नवरा येकच हाय.”

“मग खूण सांगा जी आजी,” मी म्हटलं. हे मी रोजच करायचे.

“देवळात नंदी ज्याच्याकडं तोंड करून बसतो ना, त्ये.”

महादेव. मला कळलं, दादाला कळलं, धाकट्या डॉक्टरांनाही कळलं. स्क्रीनला कळेना. मी ‘एम’ शोधत राहिले. पुढे जन्मतारीख होती, तिलाही चांदणी.

“मोठा दुष्काळ पडला तवा रांगत हुते.”

“एक जानेवारी टाका,” पोरगा मला म्हणाला. “सगळीकडे तेच टाकतात.”

मॅडमनी चादर खाली घेतली. “म्हणजे अख्खा नगर जिल्हा एक जानेवारीला जन्मला? आमच्या मास्तरांनी निदान एक जून तरी लावला होता, शाळा भरायच्या सोयीनं. आणि उर्फ?”

“सॉरी?”

“उर्फ. दुसरं नाव लिहायची जागा कुठंय?”

“अच्छा, तसलं! मॅडम, ते पोलीस स्टेशनच्या सॉफ्टवेअरला असतं.”

दादा उठून बाहेर गेला. बाहेरून त्याचं हसणं ऐकू येत होतं. मॅडमनी त्या पोराला पोटभर पोहे खाऊ घातले, वर पेरू दिले आणि पाठवणी केली. पण माझं लक्ष त्यात नव्हतं. माझ्यानं एक नाव पूर्ण लिहून झालं नव्हतं आणि धाकटे डॉक्टर ते बघत होते.

दुपारी मॅडम पेरूला तिखटमीठ लावून खात बसल्या होत्या. मी जाऊन उभी राहिले. “मॅडम, मी आतलं काम करते जी. माझ्यापायी तुम्ही चांगलं सॉफ्टवेअर सोडून नका राहू.”

“तू काय चुकलीस?”

“मले ते अक्षरच सापडून नाही राहिलं होतं.”

“उत्तर तुला माहीत होतं की नाही?”

“होतं जी.”

“त्याला नीट विचारता आलं नाही, तुला उत्तर आलं. मग नापास कोण?”

त्यांनी अर्धा पेरू माझ्या हातावर ठेवला. “खा. आणि असं पाय एकमेकांवर घासत उभी राहू नकोस. आपण मुलीकडचे नाही, गोंदिया. आपण मुलाकडचे आहोत. घाबरायचं त्यांनी.”

पेरू खाल्ला, पण भीती गेली नाही. मुलाकडचे वगैरे ठीक आहे, शेवटी मांडवात बसणारी मीच होते.

दुसरं स्थळ जोरात होतं. बोलका, हसरा माणूस. “टायपिंगची गरजच नाही!” तो म्हणाला. “तुम्ही फक्त बोला, मराठीत बोला, हे आपोआप लिहितं.” धाकटे डॉक्टर पुढे सरकून बसले. मला आधी हायसं वाटलं, पण लगेच लक्षात आलं. टायपिंगची गरज नाही म्हणजे टाईप करणारीचीही नाही.

मॅडम चादर घेऊन आल्या. माईक त्यांच्यापुढे धरला. नाव बरोबर लिहून आलं. सगळ्यांनी वा म्हटलं. मग आलं नवऱ्याचं नाव.

“इश्श, म्या न्हाई घेत.”

स्क्रीनवर उमटलं, पतीचे नाव: इश्श म्या नाही घेत.

“अहो आजी, खूण सांगा जी,” मी म्हटलं.

पतीचे नाव: अहो आजी खूण सांगा जी.

“गोकुळात वाढला अन् मथुरंला गेला, त्ये!” मॅडम म्हणाल्या.

त्या मशीननं विचार केल्यासारखं केलं. पतीचे नाव: गोकुळात वाढला. मग खाली पत्त्याच्या खान्यात आपणहून लिहिलं: मथुरा, उत्तर प्रदेश.

हसून हसून धाकट्या डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो विकणारा माणूसही हसत होता, म्हणाला, “माझी आजीपण अशीच होती हो.” मॅडमना तो आवडला. पण आवडलं म्हणून सोडतील त्या मॅडम कसल्या. “फोटो कुठं राहणार आमचे?”

“क्लाऊडवर.”

“ढगात? आमच्या तालुक्यात ढगाचा भरवसा कुणी देत नाही बाबा. नेट गेलं तर? हात मोडलेलं पोर बाकावर रडतंय, आणि आम्ही ढगाकडे बघत बसायचं?”

“थोडा वेळ वाट बघावी लागेल.”

“बरं. आणि नांदायला जमलं नाही, तर आमचे फोटो आम्हाला परत मिळतील?”

तो माणूस पहिल्यांदाच थांबला. “ते जरा अवघड आहे.”

“म्हणजे माहेरची वाट बंद,” मॅडम म्हणाल्या, आणि पोह्यांवर आणखी शेव घातली.

मध्ये बरेच दिवस कुणी आलं नाही. धाकटे डॉक्टर म्हणाले, अशी चाळणी लावली तर एकही राहणार नाही. मलाही तसंच वाटत होतं. एकदा तर वाटलं, पहिलंच घेऊन टाका, माझं काय व्हायचं ते होऊ द्या, पण हे रोजचं टांगून ठेवणं संपवा. जेवणाच्या डब्याशी बसले की दादा म्हणायचा, “ताई, तुमचा चेहरा म्हंजी बारावीचा निकाल. लागायचा तवा लागंल, जेवा.”

तिसरी आली ती संगमनेरची एक मुलगी होती, इंजिनियर. पाठीवर बॅग, एकटीच. पोह्यांची बशी तिनं बाजूला ठेवली आणि आधी विचारलं, “काउंटरला कोण बसतं?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिनं मला खुर्ची ओढून दिली, स्वतः स्टुलावर बसली. “ताई, तुम्ही रोज काय काय विचारता, ते मला सांगा. ज्या क्रमानं विचारता, त्याच क्रमानं.”

मी सांगितलं. आधी गाव विचारते, कारण गाव सांगताना माणसाचा आवाज मोकळा होतो. मग नाव. मग सोबत कोण आलंय. वय अंदाजानं. नवऱ्याचं नाव म्हाताऱ्या बायांना विचारत नाही, सोबतच्या नातवाला विचारते. कुणीच नसेल तर खूण. ती ऐकत होती आणि स्क्रीनवरचे खाने खालीवर सरकवत होती. अक्षरं मराठी. जन्मतारीख नसली तर अंदाजे वय चालत होतं. लाल चांदणी होती ती फक्त नाव आणि गावाला. एक खाना रिकामा राहिला.

“याला काय नाव देऊ?”

मी मॅडमकडे बघितलं. त्या मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, उसाची ट्रॉली रस्त्यात अडकली होती एवढंच.

“उर्फ,” मी म्हटलं.

“तुम्हीच लिहा.”

‘उ’ सापडला. ‘र्फ’ काही जमेना. आधी ‘रफ’ झालं, मग ‘फर’. त्या मुलीनं हात पुढे केला नाही, ती पोहे खायला लागली. मी पुन्हा पुसलं, पुन्हा लिहिलं. आणि ते आलं. उर्फ. सरळ, काळं, माझ्या हातचं.

“आता रॅकमध्ये शोधल्यासारखं शोधा,” ती म्हणाली. “या खान्यात छबू लिहिलं, तर लक्ष्मीबाई सापडेल.” छबूची गोष्ट तिला दादानं आल्या आल्या सांगितली होती.

मग मॅडम उठल्या, आणि त्यांनी चादर घेतली नाही. चष्मा वर सरकवला आणि फोटो बघायला बसल्या. कुणाच्या तरी मनगटाचा फोटो होता, त्यात केसाएवढी चीर. त्या ती मोठी करून बघत राहिल्या, उजेड कमी करून बघितला, वाढवून बघितला. छातीचा जुना आणि नवा फोटो शेजारी लावायला सांगितला. स्क्रीनवरची बटणांची एक पट्टी त्यांना पसंत पडली नाही, ती बदलायला लावली. लाईट गेली तर, नेट गेलं तर, आपण वेगळे झालो तर, सगळं विचारलं. या सगळ्या वेळात त्या एकदाही हसल्या नाहीत. गंमत करणाऱ्या मॅडम मला माहीत होत्या. फोटोपुढच्या या मॅडम बघितल्या की कळायचं, लोक आपली छाती घेऊन लांबून यांच्याकडेच का येतात. मुलगी शांतपणे उत्तरं देत होती. जमणार नाही ते जमणार नाही म्हणून सांगत होती. फोटोंची एक नक्कल इथल्याच कंप्युटरवर राहील म्हणाली, आणि सोडून जायचं झालं तर सगळं तुमचं तुम्हाला.

शेवटी मॅडम मागे टेकल्या. “नाव काय म्हणालीस तुझं?”

तिनं सांगितलं.

“आणि उर्फ?”

मुलगी लाजली. “बेबी.”

“बेबी, पोहे संपव. स्थळ पसंत आहे.” मग भाच्याकडे वळल्या. “आणि काउंटरला माणूस शोधायचं राहिलंच की रे. कोण लागेल म्हणाला होतास? शिकलेलं?”

धाकटे डॉक्टर हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, मला तो ‘र्फ’ शिकवा. मलाही येत नाही.”

मी त्या दिवशी आईला फोन केला. नावं किती लिहिली ते तिनं विचारलं. मी म्हटलं, आज एकच शब्द लिहिला. ती म्हणाली, अगोबाई, बरं नाही वाटून राहिलं का तुला?

पुढचा घोळ मात्र माझाच. नवं सॉफ्टवेअर बसलं, मी मोठ्या ऐटीत प्रत्येक बाईला विचारायला लागले, “घरी काय म्हणतात तुम्हाला?” आणि जे सांगतील ते उर्फच्या खान्यात लिहायला लागले. काही दिवसांनी मॅडमना एका बाईचा जुना फोटो हवा होता. त्यांनी मोठ्यानं विचारलं, “उर्फ काय हिचं?” मी सांगितलं. त्यांनी शोधलं. स्क्रीन वरपासून खालपर्यंत भरली.

“गोंदिया!” आतून हाक आली. “एवढ्या बायकांचं एकच उर्फ कसं?”

मी जाऊन बघितलं. सगळीकडे माझ्याच हातानं लिहिलेलं: अगं ए.

“त्याच म्हणाल्या जी,” मी म्हटलं. “घरी काय म्हणतात विचारलं, तर म्हणाल्या, अगं ए म्हणतात.”

मॅडम इतक्या हसल्या की खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली. दादा धावत आला, तोही हसला, मीही हसले. मग मॅडम हसता हसता थांबल्या. स्क्रीन खालपर्यंत सरकवत गेल्या. अगं ए, बेलापूर. अगं ए, राहाता. अगं ए, अगं ए.

“असं नको विचारू,” त्या म्हणाल्या. “आईनं काय नाव ठेवलं होतं, ते विचार.”

दुसऱ्या दिवसापासून मी तसं विचारायला लागले. तुम्ही एकदा तिथं येऊन बसायला हवं होतं. बाई आधी शेजारच्या सुनेकडे नाहीतर पोराकडे बघायची. आणि मग हळूच सांगायची. सोनी. बकुळा. ठकू. एका ख्रिस्ती आजीनं आधी बाप्तिस्म्याचं नाव सांगितलं आणि मग म्हणाली, “पन आय मला चिमनी म्हनायची.” एक बाई तर म्हणाली, “लई दिसांनी इचारलं बाई कोनी,” आणि मी लिहून घेतल्यावरही ते नाव पुन्हा एकदा म्हणाली, या वेळी जरा मोठ्यानं. मी आवाजही त्याच नावानं द्यायला लागले. “ठकूताई, आत या!” म्हटलं, की नव्वारीतली म्हातारी बाकावरून अशी टुणकन उठायची, की सोबतचा नातू बघतच राहायचा.

त्यानंतर मॅडमच्या लेकीला बाळ झालं, लांब दक्षिणेत. “जरा बघून येते,” म्हणून गेल्या. जाताना बूट घालत मला म्हणाल्या, “नातवाचं कागदावरचं नाव काहीतरी भलतंच लांब ठेवलंय. मी जाते उर्फ ठेवायला.”

बघून येते म्हणाल्या, त्या तिथंच राहिल्या. लेकीची नोकरी, बाळ लहान, मॅडमचे गुडघे. आणि फोटो वाचायला इथं यायची गरजच उरली नव्हती. तसलं सॉफ्टवेअर त्यांनीच तर पारखून घेतलं होतं. मी माझ्या खुर्चीसाठी एवढी भ्याले, आणि रिकामी झाली ती त्यांची. माझ्या खुर्चीत मी अजून आहे. आता सीटीच्या वेळाही मीच लावते. धाकटे डॉक्टर कधीकधी मॅडमच्या खुर्चीत बसतात, पण ती त्यांना उंच पडते, मग उठून आपली आणतात.

या सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्यात आम्हा सगळ्यांची नावं असतात. जो कामाला बसला असेल, त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. सकाळी बाळाला अंघोळ घालून, निजवून मॅडम बसतात. ठिपका लागला की मी म्हणते, “आल्या!” दादा हातातला चहा खाली ठेवतो. धाकटे डॉक्टर मोबाईल खिशात घालतात.

समोरच्या बाकावरच्या बायका विचारतात, “कोन आलं गं?”

“मॅडम,” मी सांगते.

सगळ्या वळून दाराकडे बघतात. दारात कुणीच नसतं. तरी त्यातली एखादी पदर सावरून, जरा बाजूला सरकून, बाकावर जागा करते.